मोरचुदाच्या कोपऱ्यातली हिरवळ

सोलापूरजवळच्या नान्नजला मामाच्या शेतात विहिरीच्या अंगाला सिमेंटचा एक हौद आहे. तिथे द्राक्षाची बाग होती तेव्हा, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं, त्या हौदाच्या उत्तरेच्या कडेला पिंपं मांडून बोर्डो, म्हणजे वेलांवर बुरशीसाठी मारायचं मिश्रण, कालवलं जायचं. एका पिंपात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, भिजत घातलेला, दुसऱ्यात कळीचा चुना. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. शाळेला सुट्टी लागली की मी तिथे जाऊन मोरचुदाच्या खड्यांची निळाई बघत उभी राहायची. मामी लांबूनच ओरडायची, "हात लावू नगं गं, इख हाय ते!"

मिश्रण तयार झालं की मामा त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मग आणखी निवळी ओतायची, पुन्हा विळा बुडवायचा. मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं हे रसायनशास्त्र मला दहावीत कळलं, मामाला ते त्याआधीच ठाऊक होतं. फवारणी संपली की पिंपं धुवायची, पंप धुवायचा, उरलंसुरलं सगळं त्याच कोपऱ्यात ओतायचं. दरसाल ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर आणि पावसाळ्यात केवड्याचं, म्हणजे वेलावरच्या बुरशीच्या रोगाचं, वातावरण आलं की हे चालायचं. बावीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी बाग मोडली. अवकाळीनं दोन हंगाम घालवले, मजूर मिळेनात, शेवटी मामानं मांडवाच्या तारा सोडवल्या आणि खोडं उपटली. त्या रानात कांदा झाला, ज्वारी झाली. हौदाजवळच्या तुकड्यात मामीनं घरच्यापुरती मेथी टाकली. बाकी मेथी चांगली आली, हौदाच्या कडेला मात्र जेवणाच्या पंगतीतल्या पत्रावळीएवढं टक्कल पडलं, मग ते परातीएवढं झालं. दाणे उगवायचे, दोन पानांवर यायचे, पिवळे पडायचे आणि बसायचे. मामाचं म्हणणं, चुन्यानं जमीन चोपण झाली. मी सोलापुरात माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते, तर घरची माती म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं.

नमुना मी लगेच आणला नाही. आधी बघायला गेले. माती पिशवीतून येते तेव्हा तिच्यावर काय उगवलं होतं, काय उगवलं नव्हतं, हे सगळं मागे राहिलेलं असतं. आमच्या टेबलावर येणाऱ्या शेकडो पिशव्यांबद्दल मला हीच एक खंत आहे.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, दोन दिवस भीज पाऊस झालेला. हौदाजवळ गेले तर टक्कल टक्कल नव्हतंच. त्यावर हिरवी मखमल होती. बोटाच्या पेराच्या पावभागाएवढी उंच, दाट, आणि कडेला आल्यावर तिच्या टोकांना चंदेरी झाक. या मखमलीच्या बाहेर चार-दोन हरळीचे धागे, त्याच्या बाहेर आजारी मेथी, त्याच्या बाहेर धडधाकट मेथी. कुणी दोरी लावून गोल आखावेत तसं. मी खुरपं घेऊन मखमलीचा एक तुकडा उचलला आणि खालची माती उकरली. पावसाळा, भिजलेली काळी माती, आणि एक गांडूळ नाही. दहा पावलांवर उकरलं तर तीन निघाले.

"काय बघायलीस गं इतकं त्या शेवाळात?" मामानं विचारलं.

आपल्याकडे हिरवं, ओलं आणि घसरवणारं जे काही असेल ते शेवाळ. पण हौदाच्या आत पाण्याला चिकटलेलं ते शेवाळ आणि हौदाच्या बाहेर मातीवर वाढलेलं हे, यांचा संबंध फार लांबचा. बाहेरचं ते मॉस. पुस्तकी मराठीत त्याला हरिता म्हणतात, पण तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकला नाही, म्हणून मी मॉसच म्हणते. त्याला इवलंसं खोड असतं, पानं असतात, मुळं मात्र नसतात, नुसते पकडून ठेवणारे धागे. पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. झाडाच्या पानावर मेणासारखा जो थर असतो तो जवळजवळ नाही. म्हणून पाऊस, धूळ, अंगावर जे पडेल आणि खालच्या ओलीतून जे वर येईल ते मॉस सगळ्या अंगानं घेतं. त्याच्या पेशीभित्तीवर ऋणभार असलेल्या जागा असतात, त्यांवर तांबं, शिसं, जस्त, कॅडमियम असे धनभारित कण येऊन चिकटतात. मातीच्या चाळणीपेक्षा ही चाळणी बारीक.

मामाच्या कोपऱ्यातलं मॉस मी कागदात गुंडाळून आणलं आणि मैत्रिणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पानाच्या टोकाकडे हरितद्रव्य नाही, म्हणून ती चंदेरी झाक. ब्रायम अर्जेंटियम. ओळख पटली तेव्हा थोडी हिरमुसले, कारण हे मॉस जगभर सापडतं. फुटपाथच्या फटीत, गच्चीच्या कठड्यावर, आमच्या बाथरूमचं पाणी पडतं त्या भिंतीवरही. तांब्यासाठी प्रसिद्ध असलेलं ते मॉस वेगळं.

त्याची गोष्ट सांगते. जपानमध्ये तोक्योला इकेगामी होन्मोन्जी नावाचं देऊळ आहे. तिथल्या देवळांच्या तांब्याच्या छपरांवरून पावसाचं पाणी जिथे ठिबकतं, नेमक्या त्या पट्ट्यात एक मॉस वाढतं, त्याला तिथले लोक देवळाच्याच नावानं होन्मोन्जी-गोके म्हणतात. शास्त्रीय नाव स्कोपेलोफिला कॅटरॅक्टी. इतर झाडांना विष होईल इतकं तांबं ते पेशीभित्तीत साठवून सुखानं जगतं. युरोपात मिएलिखहोफेरिया म्हणून आणखी एक आहे, तेही तांब्याच्या खडकावर. या दोघांसारख्या काही जातींना मिळून 'कॉपर मॉस' असं नावच पडलं आहे. आफ्रिकेत कटांगामध्ये हाउमानियास्ट्रम नावाचं तुळशीच्या कुळातलं फुलझाड तांब्याच्या जमिनीवर इतकं इमानानं येतं की पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्याचे पुंजके बघून तांबं वितळवण्याच्या जुन्या जागा शोधल्या. बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेवर जस्ताच्या जमिनीत पिवळी व्हायोलेट फुलते. आपल्याकडे उदयपूरजवळच्या जावरला, जिथे कित्येक शतकांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्ताचं ऊर्ध्वपातन होत असे, तिथल्या जस्ताच्या जमिनीची खूण म्हणून अभ्यासकांनी तेरडा नोंदवला आहे. आपण ज्याचा रंग तीन दिवस म्हणतो तो तेरडा! तो आपल्या अंगणातही येतो, आणि आपल्या अंगणात जस्ताची खाण नाही. म्हणजे खूण ही त्या जागेपुरती असते. जावरला तेरडा बोलतो, सोलापुरात तोच तेरडा काही बोलत नाही.

हे मला मामाला समजावून सांगावं लागलं, कारण त्यानं लगेच विहिरीत बोट दाखवलं. विहिरीचं बांधकाम जुनं, दगड आणि चुन्याचं, आणि सांध्यासांध्यातून नेचे लोंबतात. त्याच्या पोरानं मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की हे नेचे आर्सेनिक पितात. खरं आहे ते. टेरिस व्हिटाटा. २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं की दूषित जमिनीत हा नेचा पानांच्या सुक्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक साठवू शकतो. पण विहिरीत तो आर्सेनिकासाठी आलेला नाही, चुन्यासाठी आला आहे. त्याला चुनखडीची जागा आवडते, म्हणून जुन्या भिंती, जुन्या विहिरी हे त्याचं घर. साठवणारी वनस्पती आणि दाखवणारी वनस्पती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातू असेल तर साठवेल अशी एक. धातू असेल तिथेच येईल अशी दुसरी. यात गल्लत केली की माणूस स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायला घाबरतो.

तर मामाच्या कोपऱ्यात नुसत्या मॉसच्या नावावरून काही ठरत नव्हतं. ठरवलं ते त्या वर्तुळांनी. दुसरं काहीच जगत नाही तिथे फक्त मॉस, मग हरळी, मग कुपोषित मेथी, मग चांगली मेथी. आणि वर्तुळांच्या मधोमध बावीस वर्षं पिंपं ठेवलेली जागा.

आता प्रयोगशाळा. मातीचे नमुने चार घेतले, मखमलीखालचा, हरळीखालचा, आजारी मेथीचा आणि चांगल्या मेथीचा. पद्धत नेहमीचीच, दहा ग्रॅम मातीत वीस मिली डीटीपीए या धातू धरणाऱ्या रसायनाचं द्रावण, दोन तास हलवायचं, गाळायचं, आणि धातू मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर तांब्याचा दिवा लावून वाचायचं. या पद्धतीत मातीतलं सगळं तांबं येत नाही. मुळांना उचलता येण्याजोगं जेवढं आहे, साधारण तेवढंच सुटून येतं. मखमलीखालच्या मातीचा आकडा यंत्राच्या प्रमाण-रेषेबाहेर गेला. द्रावण दहापट पातळ केलं तेव्हा कुठे रेषेवर आला. मॉसचं काम जास्त किचकट. त्याच्या बुडाला मातीचे कण चिकटलेले असतात, ते राहिले तर आपण मॉस मोजतोय की माती, हेच कळत नाही. चिमट्यानं वरचे हिरवे शेंडे तेवढे तोडायचे, ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, मग आम्लात शिजवायचे. माझा अख्खा रविवार गेला. तुलनेसाठी विहिरीच्या कठड्यावरचं तेच ब्रायम घेतलं होतं. त्याचं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं. कोपऱ्यातल्या मॉसच्या द्रावणाला उजेडात धरल्यावर अगदी फिकट निळी छटा दिसत होती. यंत्र लावायच्या आधीच मला उत्तर मिळालं. लहानपणी पिंपात बघितलेली तीच निळाई.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

मामाला दाखवायला म्हणून मी चारही नमुन्यांचा अहवाल आमच्या नेहमीच्या साच्यात छापला. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या रकान्यात तांब्यापुढे चारही ठिकाणी एकच शब्द आला: पुरेसे. चांगल्या मेथीखाली पुरेसे आणि मेलेल्या मेथीखालीही पुरेसे. कारण साच्यात तांब्याला एकच मर्यादा आहे, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. तिच्या खाली गेलं तर कमतरता, वर गेलं तर पुरेसे. कितीही वर गेलं तरी पुरेसेच. जस्ताला ०.६, तिथेही तसंच. ही पद्धत बसवली तेव्हा प्रश्न कमतरतेचा होता, आणि आपल्या भागात तो खराच मोठा आहे. बेसॉल्टची काळी माती, चुनखडी भरपूर, सामू (पीएच) आठच्या वर. अशा मातीत लोह आणि जस्त ढिगानं असून झाडाला मिळत नाही. ऊस पिवळा पडतो, शेतकरी म्हणतात केवडा पडला, आणि मातीत लोहाची कमी मुळीच नसते. (द्राक्षवाल्यांचा केवडा वेगळा, तो बुरशीचा. एकाच शब्दानं दोन रोग सांगितले जातात आणि दुकानदार भलतंच औषध देतो, हे मी कैकदा पाहिलं आहे.) त्यामुळे आमचा अहवाल 'पुरेसं आहे का' एवढंच विचारतो. 'फार झालं का' हे विचारायची जागाच त्यावर नाही.

मेथीनं ते सांगितलं होतं. मामीच्या मेथीचं एक रोप मी उपटून बघितलं तर मूळ आखूड, जाड, तपकिरी, बारीक तंतू नाहीतच. तांबं जास्त झालं की पहिला मार मुळांना बसतो, आणि लोह उचलायची त्यांची ताकद जाते. म्हणून पान पिवळं. मामा त्यावर लोहाची फवारणी करणार होता.

बोर्डोला मी शिव्या देत नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते जगासमोर आणलं तेव्हा अमेरिकेतून आलेल्या केवड्यानं तिथल्या बागा बसत चालल्या होत्या. मेदोकच्या रस्त्याकडेच्या वेलांवर लोक द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुना मारायचे, आणि तेच वेल हिरवे राहिले होते, हे त्यानं नेमकं टिपलं. त्या मिश्रणानं आमच्या नान्नजची बागही बावीस वर्षं जगवली, माझ्या मामेभावंडांची शिक्षणं केली. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही, पाण्यासोबत फारसं खालीही जात नाही. वरच्या वीतभर मातीतच बसून राहतं. फ्रान्समधल्या जुन्या बागांच्या मातीत शतकभराचं तांबं साठलेलं आहे. आमच्या मातीत चुनखडी आहे म्हणून ते बरंच बांधून ठेवलं जातं आणि बाकीच्या रानात काही बिघडलेलं नाही, हे माझ्या चौथ्या नमुन्यानं दाखवलंच. सगळा प्रश्न ओतायच्या जागेचा आहे. सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या जेवढ्या बागा आहेत, तेवढे असे कोपरे आहेत. डाळिंबाला तर तेल्या रोगासाठी बोर्डो मारतात. बाग मोडली की तो कोपरा रानात मिसळतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

मला सगळ्यांत जास्त धास्ती मेंढरांची वाटते. आमच्याकडे बाग मोडल्यावर किंवा रान मोकळं असताना धनगराला सांगून मेंढरं बसवतात, खतासाठी. मेंढीचं यकृत तांबं धरून ठेवतं, बाहेर टाकायला ती फार मंद. गाय-बैल, शेळी जेवढं सोसतात त्याच्या कितीतरी कमी तांब्यावर मेंढी मरते. आणि महिनोन् महिने काही दिसत नाही. यकृत भरलं की एक दिवस तांबं एकदम रक्तात उतरतं, रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी लालसर-काळी, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. धनगर बिचारा म्हणतो नजर लागली, नाहीतर काही तरी विषारी पाला खाल्ला. बोर्डो मारलेल्या बागेतल्या गवतावर मेंढरं सोडू नयेत हे द्राक्षाच्या देशांतले मेंढपाळ शिकले आहेत. मामानं यंदा बसवायचं ठरवलं होतं. मी हात जोडून थांबवलं.

मामाचं काम झाल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. मुळांवाल्या झाडाला विचारलं तर ते जमिनीची बातमी देतं, कधीकधी फार खोलची. आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातल्या एका झाडाचं मूळ १९६० साली अ‍ॅरिझोनातल्या एका उघड्या खाणीत ५३ मीटर खोल सापडलं होतं, आणि तिकडे या झाडांच्या फांद्या तपासून तांब्याचा शोध घेतलेला आहे. विहिरीसाठी पाणाड्या उंबर बघतो, जांभूळ आणि त्याच्या पूर्वेचं वारूळ बघून गोडं पाणी किती पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खोल आहे हे वराहमिहिरानं लिहून ठेवलं आहे, ती सगळी मुळांची साक्ष. मॉसची साक्ष दुसऱ्या बाजूची. त्याला मूळ नाही, म्हणून भिंतीवर, कौलावर, झाडाच्या सालीवर वाढलेलं मॉस फक्त आकाशातून काय पडलं ते सांगतं.

ही कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये रूलिंग आणि ट्यूलर या दोघांनी रुळवली. त्यांच्या जंगलात हायलोकोमियम नावाचं मॉस आहे, दरवर्षी एक पायरी याप्रमाणे जिन्यासारखं वाढतं. पायऱ्या मोजल्या की कोणत्या तीन वर्षांची हवा आपण मोजतोय ते कळतं. पुढे युरोपभर दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून धातूंचे नकाशे होऊ लागले. आणि अमेरिकेत पोर्टलंड शहरात झाडांवरचे ३४६ मॉसचे नमुने तपासले तेव्हा कॅडमियमचे दोन भडक डाग नकाशावर उमटले. रंगीत काच करणारे कारखाने निघाले तिथे. हवा मोजणारं एकही महागडं यंत्र तोवर त्या गल्ल्यांत लागलेलं नव्हतं. २०१६ साली हे बाहेर आलं आणि पुढे त्या राज्याला हवेचे नियम बदलावे लागले.

आमच्या मागच्या गल्लीत एक माणूस जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. उघड्यावर, संध्याकाळी. समोरच्या अम्मांच्या नातवाचं खेळायचं अंगण त्याच्या भिंतीला लागून. अम्मा तेलुगू, विडी वळून संसार केलेली बाई, अंगणात पालक आणि चुक्याची भाजी लावते. मी तिच्याकडे जाऊन काही म्हणणार तर आधी हातात काही तरी हवं होतं. म्हणून मी मॉस गोळा करायला निघाले.

आणि सोलापूर आडवं आलं. स्वीडनचं मॉस बारमाही, आपलं जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात कठड्यावरचं ब्रायम वाळून राखाडी पापुद्रा होतं. मेलेलं नसतं, पाणी शिंपडलं की काही वेळात पुन्हा हिरवं दिसायला लागतं, चाळीसच्या वरचे उन्हाळे असंच झोपून काढतं. पण झोपेत ते वाढत नाही, म्हणून किती महिन्यांची धूळ त्यात आहे हे सांगता येत नाही. मग मी दुसरा रस्ता धरला, मॉसच्या पिशव्या. वेल्समध्ये स्वान्सीच्या खोऱ्यात १९७१ च्या सुमारास गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी स्वच्छ जागेचं मॉस जाळीच्या पिशव्यांत भरून कारखान्यांच्या आसपास टांगलं होतं. मी महाबळेश्वरहून मॉस आणलं, धुतलं, मच्छरदाणीच्या कापडाच्या सात पिशव्या शिवल्या आणि गल्लीतल्या सात गच्च्यांवर टांगल्या. रोज संध्याकाळी सगळीकडे पाणी मारायला जायची, कारण कोरडं मॉस धूळ नीट धरत नाही. एक पिशवी चिमण्यांनी उसवून घरट्याला नेली. एक कुणीतरी करणी समजून काढून टाकली, त्या घरच्यांना मी चहा पीत तासभर समजावलं आणि दुसरी टांगली. सहा आठवड्यांनी उतरवल्या. शिशाचा दिवा लावून वाचलं तर भट्टीच्या भिंतीलगतची पिशवी सगळ्यांत वर, नंतर वाऱ्याच्या दिशेच्या दोन, आणि रस्त्यापलीकडच्या जवळजवळ न टांगलेल्या मॉससारख्याच. अशी उतरण दिसली की शंका उरत नाही.

शिशाच्या बाबतीत मॉस किती सोशिक असतं याचं एक उदाहरण देते. फ्युनारिया, शाळेच्या पुस्तकात ज्याचं चित्र आपण सगळ्यांनी काढलंय ते. २०१८ साली जपानच्या रिकेन संस्थेनं दाखवलं की त्याचे कोवळे धागे स्वतःच्या सुक्या वजनाच्या ७४ टक्क्यांपर्यंत शिसं धरू शकतात. मुलाच्या शरीराला यातला कणभरही सोसत नाही. आणि मातीच्या नेहमीच्या तपासणीत शिसं आणि कॅडमियम हे रकानेच नसतात, ते मुद्दाम मागावे लागतात.

कागद घेऊन मी अम्मांकडे गेले. आकडे त्यांना काय सांगायचे? मी दोन पिशव्या पुढे ठेवल्या, भट्टीजवळची काळपट आणि माझ्या गच्चीवरची हिरवी. अम्मांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्या, वास घेतला, आणि नातवाला आत बोलावलं. मग गल्लीतल्या अकरा बायका त्या माणसाच्या दारात गेल्या. भांडण झालं नाही. त्यालाही दोन लहान पोरं आहेत आणि ती त्याच धुरात खेळत होती. भट्टी तीन महिन्यांनी गावाबाहेर गेली. अंगणातली माती मात्र तीच आहे, म्हणून अम्मांचा पालक आता पत्र्याच्या जुन्या डब्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत वाढतो, आणि अंगणात त्यांनी अबोली लावली आहे.

तुमच्या शेतात, परसात असा कोपरा असेल तर नमुना घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. काय उगवत नाही, काय उगवतंय, कड कशी आहे, पूर्वी तिथे काय ठेवायचे, काय ओतायचे. पत्र्याच्या शेडखाली जिथे पाणी ठिबकतं ती रेघ बघा, नव्या पत्र्याचं जस्त तिथे उतरतं. मग माती द्या, आणि देताना प्रयोगशाळेतल्या माणसाला हे सगळं सांगा, आकडा छापून मागा, 'पुरेसे' या शब्दावर परत येऊ नका. मला कुणी असं सांगितलं तर मी त्या पिशवीकडे वेगळ्या नजरेनं बघते.

मामानं तो कोपरा सोडून दिला आहे. भरपूर शेणखत टाकलं, कारण सेंद्रिय पदार्थ तांबं धरून ठेवतात. खाण्याचं काही लावायचं नाही असं ठरलं. मागच्या पावसाळ्यात त्यानं मखमलीच्या कडेनं चुना फासलेले दगड मांडून ठेवले. यंदा जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याचा फोन आला.

"ताई, तुझं मॉस आलंय परत. सगळीकडनं दगडाच्या आतच हाय. पण इहिरीच्या अंगाला एक दगड ओलांडलाय त्यानं."

"किती?"

"चार बोटं."

विहिरीकडे उतार आहे. रविवारी खुरपं आणि पिशव्या घेऊन जाणार आहे.